खात नाय, लावते

रोह्याच्या आमच्या घरामागे जाईचा वेल होता. लोक जाई लावतात ती फुलांसाठी, मी लावली पाल्यासाठी, आणि त्या एका वर्षी कितीतरी महिने मी तिला वाढूच दिलं नाही. पान आलं रे आलं की ओरबाडायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं आणि एस.टी. पकडून आईकडे पेणच्या बाजूला धावायचं. शेजारीण एकदा म्हणाली, "अगो, बकरी पाळलीस की काय?" मी म्हटलं, "व्हय, पाळलीय. तुझ्यासारखी फुकटची मे मे करत नाय, एवढंच." बिचारी आत गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवसांत जो समोर येईल त्याची मी हजेरी घेत होते, कारण माझ्या आईचं तोंड बरं होत नव्हतं.

ही जीभ मला आईकडूनच मिळालेली. धरमतरच्या खाडीकडे आमचं गाव. दिवाळी झाली की पाऊस येईपर्यंत आई मिठागरावर, डोक्यावर मिठाच्या पाट्या. ह्या बांधावरून तिने हाक मारली की पलीकडच्या बांधावरचा माणूस वळून बघायचा. मुकादम बायकांना पाणी प्यायलासुद्धा बसू द्यायचा नाही, तर आईने एकदा सगळ्यांदेखत त्याला असा झाडला की दुसऱ्या दिवसापासून तोच मुकाट माठ भरून ठेवायला लागला. गावात म्हणायचे, काय वाटेल ते कर, पण हिच्या तोंडाला लागू नको.

म्हणून तिचं तोंड आलं तेव्हा आधी सगळे हसलेच. "एवढं वापरल्यावर तोंड येणार नाय तर काय होणार?" असं चुलती म्हणाली, आणि आईसुद्धा हसली. तोंड येणं म्हणजे आमच्याकडे आजार नव्हताच. अंगात उष्णता झाली, तिखट जास्त झालं, की गालाला आतून फोड यायचे. मग जाईचा पाला चावायचा, लाळ गाळायची, पुन्हा चावायचा. जाई नसली तर पेरूची कोवळी पानं, तीही नसली तर तोंडलीच्या वेलाचा पाला. मी लहान असताना आई माझा जबडा एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने पाला कोंबायची. "चाव. गिळू नको, थुंक. परत चाव." तो कडूजहर रस जिभेवर पसरला की जीभ आपली नाहीच असं वाटायचं. पण चौथ्या दिवशी मी सुक्या बोंबलाचं कालवण ओरपत असायचे. तेव्हा पाल्यावर माझा विश्वास होता तो काही अडाणीपणाचा नव्हता. डोळ्यांनी बघून बसलेला होता.

आणखी एक औषध आमच्या घरात होतं, ते म्हणजे मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. सकाळी उठल्यावर पहिल्या बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची आणि तशीच तोंडात धरून मागच्या पायरीवर बसायचं. आमच्या आळीतल्या बायका अशाच बसायच्या ओळीने. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दाढ ठणकते, डोकं चढतं, असं प्रत्येकीचं काही ना काही कारण असायचं. दात घट्ट राहतात हे तर सगळ्यांचंच. पण मशेरीला आमच्याकडे कोणी तंबाखू म्हणत नसे. तंबाखू खातात ते बाप्ये. बायका मशेरी लावतात. खाणं वेगळं, लावणं वेगळं.

मलाही आईनेच लावली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा माझी दाढ हलायला लागली. आई म्हणाली, "बाळंतिणीचे दात असेच जातात गो. थांब." आणि तिने स्वतःच्या बोटावर घेऊन माझ्या हिरडीवर चोळली. मला गरगरलं, मी भिंतीला धरून बसले. आई हसत होती. दाढ राहिली. मशेरीही राहिली.

तर ते तोंड. रोह्याच्या पुढे रूळ टाकायचं काम जोरात चाललं होतं ते दिवस. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा आईने मला पायरीवर उजेडात बसवून तोंड उघडून दाखवलं. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता, रुपयाएवढा, आणि त्याच्या मधोमध लाल.

"झोंबतं?"

"तिखटाला झोंबतं. तोंड आलंय, दुसरं काय. तुझ्या वेलाचा पाला आण."

मी पाला आणला. दर आठवड्याला आणला. आमचे हे कंपनीत शिफ्टला होते. त्यांची पहिली पाळी असली की मी पोरांना जावेकडे टाकायची, वडखळ नाक्यावर उतरायची आणि तिथून टेम्पो मिळाला तर टेम्पोने, नाहीतर बांधाने चालत घरी. आई पाला चावायची, मी बाजूला बसून राहायची. पहिल्या महिन्यात म्हणालीसुद्धा, "उतार हाय गो. झोंबणं कमी झालंय." मला केवढा आनंद झाला! आता कळतं की झोंबणं कमी झालं ते पाल्याने नव्हतं. पाला थुंकला की ती त्याच जागेवर मशेरी दाबून धरायची. मशेरीने जागा बधिर व्हायची. आणि मी काय केलं? धुराने तिला खोकला येतो म्हणून तव्यावर मशेरी मी भाजून द्यायला लागले. एका पिशवीत पाला, एका डबीत मशेरी. दोन्ही माझ्याच हातची.

पौषात चट्ट्याची जखम झाली. मी तिला पेणला डॉक्टरकडे नेलं. भला माणूस होता, गर्दी खूप, पण चिडचिड करत नसे. त्याने बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का? गुटखा, पान?"

"नाय," आई म्हणाली.

"कधीच नाही?"

"शी! आमच्यात बायका खात नायत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. "नाय हो डॉक्टर. आयुष्यात कधी खाल्ला नाय तिने." देवाशपथ सांगते, मी खोटं बोलत नव्हते. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या कमरेला पिशवी होती आणि पिशवीत डबी होती, आणि आम्ही दोघी त्या माणसासमोर खऱ्या चेहऱ्याने नाय म्हणालो. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं, पिवळ्या गोळ्या दिल्या, लावायला जांभळं औषध दिलं. दातही टोचत असेल म्हणाला, बरं नाही वाटलं तर पंधरा दिवसांनी या. बाहेर आल्यावर आईने दवाखान्याच्या ओट्यामागे जाऊन चूळ भरली आणि मशेरी लावली. मीही लावली. मग आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो.

पंधरा दिवसांनी गेलो नाही. जांभळ्या औषधाने तोंड रंगलं तेवढंच, आई म्हणाली, त्यापेक्षा पाला बरा. मलाही तेच हवं होतं. पाला माझा होता, माझ्या हातातला उपाय होता. गोळ्यांचं काय, गिळायच्या आणि वाट बघायची. पाल्यासाठी निदान धावता येत होतं.

शिमग्यापर्यंत तोंड उघडेनासं झालं. आधी भाकरीचा घास जाईना, मग भात कुस्करून, मग नुसती पेज. तीन बोटं जायची तिथे दोन, मग एक. ज्या बाईची हाक ह्या बांधावरून त्या बांधावर जायची, ती दातांतल्या दातांत बोलायला लागली. चुलती हसायची बंद झाली. आळीतली एक बाई म्हणाली, कोणाचा तरी तळतळाट भोवला, एवढी बोलायची ती. मी त्या बाईच्या दारात जाऊन तिला अशा शिव्या घातल्या की तिचा नवरा काठी घेऊन बाहेर आला. आईने हाताने खुणावलं, पुरे. आणि मग अंगणात बसून रडली. मिठागरावर पायात खिळा गेला तेव्हा न रडलेली बाई. मला भीती वाटली ती तेव्हा, पहिल्यांदा. खरं म्हणजे भीती आधीपासून होती, आता ती माझ्यासमोर येऊन बसली.

जितेच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथली एक म्हातारी पाला देते, तिच्या पाल्याने भलेभले बरे झाले, असं कोणी सांगितलं. जंगलातली माणसं ती, त्यांना पानं कळतात. मी आईला पेणहून आगगाडीत बसवलं, जवळच जिते स्टेशन. स्टेशनवरून वाडीपर्यंत आई तीन वेळा बसली. पदर तोंडाला लावलेला, कारण तोंडाला आता वास यायला लागला होता आणि तिला त्याची लाज वाटत होती.

म्हातारी झोपडीसमोर काटक्या मोडत होती. तिने आईला सावलीत बसवलं, पदर बाजूला केला. तोंड उघडत नव्हतंच, तिने गालावरून बाहेरून अंगठा फिरवला, मग मानेवर, कानाखाली. तिथे तिचा अंगठा थांबला. मग तिने काय करावं? आईचा उजवा हात उचलला आणि पहिलं बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

"मशेरी लावतेस?"

आईने मान हलवली. व्हय.

"कधीपासून?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लग्नाआधीपासून. का?"

"बंद कर. आजपासून." म्हातारी मला म्हणाली, "एका हातानं विस्तव लावता नि दुसऱ्या हातानं पाला मागता. बाय, हे माझ्या पाल्याचं काम नाय. मानेला गाठ हाय. हिला मुंबयला ने, मोठ्या दवाखान्यात. वेळ नको लावू."

मी एवढ्या लांबून आले होते. आईला उन्हातून ओढत आणलं होतं. आणि ही बया मला पाला द्यायचा सोडून अक्कल शिकवत होती. माझं डोकं फिरलं.

"डॉक्टरला दाखवलंय आम्ही! शिकलेल्या डॉक्टरला! तो म्हणतो तोंड आलंय. तू काय त्याच्यापेक्षा शहाणी? पाला द्यायचा असेल तर दे, नसेल तर नाय म्हण."

"नाय," म्हातारी म्हणाली.

"तुझ्या पाल्यात काय सोनं लागलंय? मशेरीनं दात घट्ट होतात, जखमा होत नायत. माझ्या आईचे बत्तीसच्या बत्तीस दात हायत तोंडात, मोज!"

तिने मान फिरवली. परत काटक्या मोडायला लागली. मी आईला उठवलं आणि फणफणत निघाले. वाटभर मी बोलत होते, ह्या लोकांना मान द्यायलाच नको, आपणच मूर्ख. आई पदर तोंडाशी धरून मागून येत होती. जितेच्या फलाटावर गाडीला वेळ होता. आईने डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं. ओठाच्या कोपऱ्यातून तिने बोट आत सारलं, डोळे मिटले, आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. मी पाण्याची बाटली हातात घेऊन तिने चूळ भरायची वाट बघत उभी राहिले.

एवढं मात्र झालं की मानेची गाठ मी त्या रात्री हात लावून पाहिली. होती, खरंच होती. चैत्रात आम्ही मुंबईला गेलो.

तिथे नंबर लागायला दिवस गेले, आणि ज्या दिवशी लागला त्या दिवशी समोर एक पोरगेलीशी डॉक्टरीण बसली होती. चष्मा, वेणी, घाटावरच्या बोलीची. तिने तोंड बघितलं, मान चाचपली आणि कागदावरून डोळे न उचलता विचारलं, "आजी, मशेरी लावता ना?"

तंबाखू खाता का, असं तिने विचारलंच नाही. तिच्या घरात कोणीतरी लावत असणार. आई दातांतून म्हणाली, "लावते." मग तिला काय वाटलं कोण जाणे, बोटावर बोट आपटून आणखी सांगायला लागली, "दातासाठी... औषध म्हणून..."

"तंबाखूच ती, आजी," डॉक्टरीण म्हणाली. रागाने नाही, सांगावं तशी म्हणाली. "आधी कोणाला दाखवलं नाही?"

मी म्हटलं, दाखवलं, पेणला, पौषात. ती म्हणाली, मग त्यांना सांगितलं नाहीत? माझ्यासारखी बाई गप्प! त्यांनी विचारलं होतं खाता का. आम्ही सांगितलं, खात नाय. आता हे त्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? पौष, माघ, फाल्गुन. मी मनात महिने म्हणत होते आणि प्रत्येक महिन्याला मला जाईचा पाला दिसत होता, ओल्या फडक्यात, हिरवागार.

आईचा डावा जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला. मांडीचं मांस घेऊन गालाला लावलं. नाकातून नळी घालून पाठवलं. त्या घरात, खाडीकडे, तिला कोण बघणार? मी रोह्याला आणलं. मागच्या खोलीत, जाईच्या बाजूच्या खिडकीपाशी खाट टाकली. तिचे बत्तीस दात म्हणून मी ज्यांची बढाई मारली होती, त्यातले निम्मे गेले होते.

मी पाला तोडायचा सोडला तसा वेल माजला. आषाढात फुलांनी लगडला. आईला वास येत असेल का, मी विचारायची. ती बघत राहायची. बोलता येत नव्हतं, लिहिता तर तिला कधीच येत नव्हतं. हाताने दाखवायची, पाणी, उशी, माशी. भांडायचं असलं की नुसते डोळे वटारायची, आणि तेवढ्यावरही माझी पोरं तिला घाबरायची. पण भांडण नसलं की ती छपराकडे बघत पडलेली असायची, आणि ते मला बघवत नसे. वाटायचं, शिव्या दे ग आये, मला शिव्या दे, मुकादमाला दिल्यास तशा. तोंडात तेवढं उरलंच नव्हतं. श्रावणात गालाची शिवण उसवली. पट्टी दिवसातून दोनदा बदलावी लागे. डॉक्टरांनी सांगितलं, आता जेवढं सोसवेल तेवढंच करा.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगते, कारण ते न सांगता वरचं सगळं सांगण्यात अर्थ नाही.

मी मशेरी सोडली नव्हती. मुंबईहून आल्यावर डबी चुलीत टाकली होती, खरं आहे. पाच दिवस टिकले. सहाव्या दिवशी डोकं चढलं, पोट फुगलं, पोरांवर हात उचलला, आणि शेजारणीकडे, त्याच बकरीवाल्या शेजारणीकडे, चिमूटभर मागायला गेले. तिने डबी पुढे केली. मग रोजची सुरू झाली. आईला कळू नये म्हणून मी नळाकडे जाऊन लावायची, साबणाने हात धुवायची. केमिकल कंपन्यांच्या वासाने भरलेलं गाव, औषधांच्या वासाने भरलेली खोली, त्यात तिला काय कळणार, असं मी स्वतःला सांगायची.

एका सकाळी तिची पट्टी बदलत होते. जुनी काढली, नवी लावली, कडा बोटाने दाबल्या. तिने माझा हात धरला. ताकद नव्हती, तरी धरला, नाकाशी नेला आणि पहिलं बोट हुंगलं. जितेच्या त्या म्हातारीने हुंगलं होतं तसंच.

आईने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. विचारत होती. तोंड नसलं तरी काय विचारते ते मला कळत होतं.

"नाय," मी म्हटलं. "सोडली गो आये. कधीचीच सोडली."

पेणला नाय म्हणाले तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

मग तिने तेच माझं बोट आपल्या गालाच्या पट्टीवर ठेवलं, जिथे खाली गाल नव्हता तिथे, आणि वरून आपला हात दाबून धरला. मी म्हटलं, "दुखेल गो, सोड." तिने सोडलं नाही. तिचे डोळे भरले होते, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता, माझ्या हिरडीवर तिने चोळलेली ती पहिली मशेरी तिला आठवत होती, हे मला कळलं. मी रडायला लागले. बाहेर आमचे हे शिफ्टवरून आले, त्यांनी सायकल लावली, हाक मारली, चहा मागितला. मला उठता आलं नाही. माझं बोट तिच्या हाताखाली होतं.